खाफ्रेच्या मानेमागचा ससाणा

प्राचीन इजिप्तचा राजा खाफ्रे याच्या पुतळ्यासमोर सरळ उभं राहिलं, तर एकटा राजा दिसतो. सिंहासनावर ताठ बसलेला, पावलं जुळवलेला. मस्तकावर नेमेस हे पट्ट्यापट्ट्यांचं राजवस्त्र, कपाळावर फणा काढलेली नागीण, हनुवटीला बांधलेली कृत्रिम राजदाढी, कमरेला चुण्यांचं आखूड वस्त्र. देवाचा कुठे मागमूस नाही. पाहणारा थोडा बाजूला सरकला की सगळं चित्र पालटतं. सिंहासनाच्या पाठीवर, राजाच्या मानेला अगदी खेटून, एक बहिरी ससाणा बसलेला आहे आणि त्याने दोन्ही पंख पसरून राजाचं मस्तक मागून कवेत घेतलं आहे. हा होरस, आकाशाचा आणि राजपदाचा देव.

प्राचीन इजिप्तच्या कलेत राजा आणि देव यांच्या जोड्या हजारोंनी आहेत. देव राजाचा हात धरतो, त्याच्या नाकाशी जीवनाचं चिन्ह नेतो, त्याला मिठी मारतो. मंदिरांच्या भिंतीच्या भिंती या प्रसंगांनी भरल्या आहेत. पण या दोघांमधलं नातं दगडात सांगण्याची याहून मोठी रीत मला दुसरीकडे सापडलेली नाही, आणि ती इतकी आरंभीच, इ.स.पू. २५५० च्या आसपास, चौथ्या राजवंशात सापडावी याचं आश्चर्य अजून ओसरत नाही.

पुतळ्याची उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे बसलेला राजा उभ्या माणसाएवढा. दगड नाइस जातीचा, गडद, फिकट पट्ट्यांचा आणि अतिशय कठीण. त्याची खाण खाफ्रेचा पिरॅमिड जिथे आहे त्या गिझाजवळ नव्हे, तर दूर दक्षिणेला अबू सिंबेलच्या वायव्येकडील वाळवंटात, जबल अल-असर इथे होती. पिरॅमिडच्या आसपास चुनखडी हवी तेवढी उपलब्ध असताना सुमारे ८०० किलोमीटर अंतरावरून हा दगड का आणला असेल? खाणीतल्या या दगडावर ऊन पडलं की त्यातून निळसर झाक उमटते, असं तिथे काम केलेल्या भूवैज्ञानिकांनी नोंदवलं आहे. ज्या राजाला आकाशदेवतेचा अवतार मानायचं, त्याच्यासाठी आकाशाचा रंग पोटात असलेला दगड! हे कारण मला पूर्ण पटतं.

त्या काळच्या इजिप्शियन कारागिरांकडे लोखंडी हत्यारं नव्हती. एवढ्या कठीण दगडावर तांब्याची छिन्नी चालत नाही. त्याहून कठीण दगडाच्या गोट्यांनी ठोकत, वाळूच्या साहाय्याने कापत आणि घासत हे शरीर बाहेर काढलेलं आहे. ठोकून काढलेल्या कामात बारकावे सहसा बोथट होतात. इथे मात्र छातीचे स्नायू, गळ्याच्या हाडांची वळणं, गुडघ्याच्या वाटीभोवतीचे उंचवटे, नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणाऱ्या रेषा, सगळं जिवंत आहे. आणि तरीही या देहाला वय नाही. थकवा नाही, मेद नाही, श्वासाची घाई नाही. डोळे समोरच्या माणसाच्या वरून पलीकडे पाहतात. उजव्या हाताची मूठ मांडीवर उभी आवळलेली, डावा पंजा मांडीवर पालथा. एका हातात जोर आणि दुसऱ्यात विसावा, एवढ्या एका फरकाने या निश्चल मूर्तीत प्राण आला आहे. दोन्ही हात सारखे असते, तर राजा सिंहासनाचाच एक भाग वाटला असता.

सिंहासनाकडेही डोळसपणे पाहावं. त्याचे पाय सिंहाचे आहेत. दोन्ही बाजूंवर एक चिन्ह कोरलं आहे: मधोमध फुप्फुसं आणि श्वासनलिका, तिला गाठ मारलेल्या दोन वनस्पती, उत्तरेचा पपायरस आणि दक्षिणेचं फूल. हे दोन्ही भूमींच्या ऐक्याचं चिन्ह. राज्याचा सगळा भूगोल आसनाखाली गेला, आणि देव गेला मानेमागे. समोरच्या बाजूला उरलं ते फक्त माणसाचं शरीर.

आता पुन्हा त्या ससाण्याकडे येऊ. शिल्पकाराने त्याला समोरून दिसणार नाही असं का बसवलं? एक उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. इजिप्तमधले शिल्पकार दगडाच्या चौकोनी ठोकळ्याच्या पृष्ठभागांवर आधी आकृती रेखाटत: पुढच्या बाजूवर समोरची, कडेच्या बाजूंवर कडेची. मग प्रत्येक बाजूकडून आत आत दगड काढत जात. त्यामुळे अशा मूर्तीला समोरचं आणि बाजूचं अशी दोन स्वतंत्र दर्शनं असतात. या मूर्तीत शिल्पकाराने त्या पद्धतीतूनच अर्थ काढला. समोरच्या रेखाटनात राजा होता, ससाणा कडेच्या. एकाच ठोकळ्यातून, एकाच वेळी, राज्य करणारा माणूस आणि त्याच्यातला देव अशा दोन गोष्टी बाहेर आल्या. एकीकडे पाहताना दुसरी दिसत नाही, पण दगड दोहोंचा एकच.

बाजूने पाहताना ससाण्याची छाती राजाच्या मस्तकामागे टेकलेली दिसते, दोघांमध्ये मोकळी जागा नाही. नेमेसचा उतार आणि पंखांचा उतार एकमेकांत मिसळतात, वस्त्र कुठे संपलं आणि पिसं कुठे सुरू झाली हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही. ससाण्याची नजर राजाच्या नजरेच्या दिशेलाच आहे. पंखांचा राजावर भार नाही. पाठीवर वडीलधाऱ्याचा हात असावा, तेवढाच तो स्पर्श. आणि राजाला त्याची जाणीव असल्याची एकही खूण चेहऱ्यावर नाही. मान वळत नाही, खांदे आवरत नाहीत. देव आपल्या मागे आहे हे त्याला पाहून खात्री करून घ्यावं लागत नाही. या मूर्तीची सारी भव्यता मला तिथे दिसते.

ही मूर्ती खाफ्रेच्या पिरॅमिडच्या खालच्या बाजूला, स्फिंक्सच्या शेजारी असलेल्या मंदिरासाठी घडवलेली. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएत यांना ती १८६० मध्ये तिथल्याच एका खड्ड्यात सापडली. आज ती कैरोच्या इजिप्शियन संग्रहालयाच्या वैभवांपैकी एक मानली जाते आणि इजिप्तच्या दहा पौंडांच्या कागदी नोटेवरही तिचं चित्र आहे. मंदिरात तांबूस ग्रॅनाइटचे सोळा चौकोनी खांब आणि पांढऱ्या अलाबास्टरची फरशी आहे. भिंतींलगत राजाच्या मूर्तींसाठी केलेल्या २३ जागा मोजता येतात. उजेड येई तो छताजवळच्या अरुंद फटींतून, फरशीवर पडून वर परतणारा. त्या मंद उजेडात भिंतीला पाठ लावून बसलेल्या या राजामागचा पक्षी किती जणांना दिसला असेल? ज्यांना दिसायचा त्यांतले बहुतेक पुरोहितच. मूर्ती प्रेक्षकांसाठी नव्हतीच. विधी करून तिचं तोंड उघडलं जाई, मग ती नैवेद्य स्वीकारू शके, मृत राजाचं सत्त्व तिच्यात वास करू शके. तिथे ससाणा असणं पुरेसं होतं, दिसणं आवश्यक नव्हतं.

ही कल्पना शून्यातून आली नव्हती. खाफ्रेच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीच्या नार्मेर राजाच्या कोरीव पाटीवर होरसचा ससाणा आहेच. तिथे त्याला चक्क माणसाचा हात फुटला आहे आणि त्या हाताने तो पराभूत प्रदेशाचं प्रतीक असलेल्या मस्तकाच्या नाकात अडकवलेली दोरी खेचतो आहे. तिथला देव राजाच्या बाजूने लढाईत उतरतो. खाफ्रेच्या शिल्पकाराने त्याच देवाकडून सगळी कृती काढून घेतली आणि त्याला केवळ सान्निध्य दिलं.

पुढच्या पिढ्यांनी ही जोडी अनेकदा हाताळली. पाचव्या राजवंशातल्या नेफरेफ्रेची ३४ सेंटिमीटरची गुलाबी चुनखडीची मूर्ती चेक संशोधकांना अबुसिर इथे मिळाली. तिच्यातही ससाणा मानेमागेच आहे, पण मूर्ती लहान, राजा कोवळा, आणि सगळ्याला एक हळुवारपणा आलेला. ब्रुकलिन संग्रहालयातल्या पेपी पहिल्याच्या अलाबास्टर मूर्तीत ससाणा सिंहासनाच्या पाठीवर आडवा उभा आहे, राजाशी काटकोनात. कारण मूर्तीच्या मागच्या बाजूला गेल्यावर कळतं. तिथे सिंहासनाची पाठ राजवाड्याच्या दर्शनी भिंतीच्या चौकटीसारखी कोरली असून तिच्यात राजाचं होरस-नाव आहे. वरचा ससाणा त्या नावाचाच भाग झाला आहे. कल्पना बुद्धिमान आहे, पण मायेचा स्पर्श हरवला: पक्ष्याचं लक्ष आता राजाकडे नसून लिपीकडे आहे.

रामसेस दुसऱ्याच्या काळात हीच जोडी उलटी होते. तानिस इथे सापडलेल्या, २३१ सेंटिमीटर उंचीच्या शिल्पात ससाणा प्रचंड आहे आणि त्याच्या छातीशी उकिडवा बसलेला लहान मुलगा म्हणजे रामसेस. कानाशी बालपणाची बट, तोंडाशी बोट. हा ससाणा हौरुन, कनानमधून आलेला देव. गिझाच्या स्फिंक्सशी त्याला एकरूप मानत, म्हणजे फिरून तो खाफ्रेच्याच शेजारी आला. डोक्यावरची सूर्यतबकडी, मूल आणि हातातलं रोपटं ही तीन चिन्हं क्रमाने वाचली की रा-मेस-सू हे राजाचं नाव तयार होतं. राज्य ऐन भरात असतानाचं हे शिल्प आहे, म्हणून देव मोठा झाला की राजा दुबळा झाला, असा सरधोपट निष्कर्ष इथे चालणार नाही. आपण देवाच्या कुशीत आहोत हे सांगण्यात त्या राजाला कमीपणा वाटत नव्हता.

शेवटची कडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नेक्तानेबो दुसरा, तिसाव्या राजवंशातला इजिप्तचा शेवटचा देशी फॅरो. सुमारे ७२ सेंटिमीटर उंचीच्या गडद दगडात भव्य ससाणा उभा आहे, डोक्यावर दोन्ही भूमींचा मुकुट, आणि त्याच्या पायांच्या मधोमध, छातीच्या फुगवट्याखाली, चिमुकला राजा. नाव चिन्हांत गुंफण्याची हौस इथेही आहे. पक्ष्याची घडण अप्रतिम आहे, चोच आणि डोळ्यांभोवतीच्या खुणा इतक्या नेमक्या की दगडावरून नजर हटत नाही. पण राजाचा चेहरा आठवू पाहिला तर आठवत नाही. या राजाची ‘नेक्तानेबो ससाणा’ म्हणून पूजा होत असे, तेव्हा घडवणाऱ्यांनाही पक्षीच राजा वाटत असणार. इ.स.पू. ३४३ च्या सुमारास इराणी सम्राट तिसऱ्या अर्तक्षत्राच्या फौजांपुढे त्याचं राज्य गेलं.

रामसेस आणि नेक्तानेबो यांच्या शिल्पांत संरक्षण आपल्याला समोरून दाखवलं जातं, म्हणून ते पाहणाऱ्याला उद्देशून आहे. खाफ्रेच्या मूर्तीत ते फक्त राजा आणि देव यांच्यात आहे. तिथल्या शिल्पकाराने देवाला लहान केलं, मागे नेलं, जवळजवळ झाकलं, आणि राजाच्या चेहऱ्यावरचा स्थिरपणा हाच त्या देवाचा पुरावा ठरवला. एवढा विश्वास चेहरा कोरण्याच्या कसबावर असेल, तरच कलावंत असं धाडस करतो. पुस्तकांत या मूर्तीचं बहुधा एकच छायाचित्र छापतात, समोरचं किंवा बाजूचं. दोन्ही शेजारीशेजारी छापायला हवीत, आणि बाजूचं छायाचित्र मानेच्या उंचीवरून घेतलेलं हवं, म्हणजे पंख आणि नेमेस जिथे एक होतात ती रेषा स्पष्ट दिसेल.