बाहुलीचा हिरवा कान

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज बाहुल्यांवर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. आम्हीही आधी हसलोच होतो.

गेल्या वर्षी आम्ही अमेरिकेत, ओहायोमध्ये, एका जुन्या मैत्रिणीकडे गेलो होतो. ती तिथलीच. तरुणपणी न्यायदर्शन शिकायला पुण्यात आली होती, तेव्हापासूनची ओळख. आता मोठं घर सोडून ती दोन खोल्यांच्या जागेत राहायला जाणार आहे. आवराआवरीत तिनं काळ्या व्हिनाइलची एक पेटी आमच्यापुढे उघडली. आत तिच्या लहानपणच्या फॅशन-बाहुल्या. "बघा," म्हणाली, आणि लगेच ओशाळून, "फार खराब झाल्यात हो." जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्यानं तिला सुचवलं होतं की ओठ पुन्हा रंगवू, केस नवे बसवू, कानाचा डाग काढू, म्हणजे चांगली किंमत येईल. तिनं आम्हाला विचारलं, काय करू?

उत्तर देण्याआधी ही बाहुली मुळात काय आहे ते पाहू. मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मॅटेल कंपनीनं बार्बी मांडली. उंची साडेअकरा इंच, अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, किंमत तीन डॉलर. कल्पना रूथ हँडलर यांची. आपली मुलगी कागदी बाहुल्या घेऊन मोठ्या बायकांचं आयुष्य खेळते, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे भातुकलीत मुलगी ठकीची आई होते. फॅशन-बाहुलीशी खेळताना मात्र ती उद्याची स्वतः होते. म्हणजे ही बाहुली भविष्याकडे तोंड करून उभी असते. तिच्या त्या अशक्य कमरेवर इतकी टीका झाली ती याचसाठी. मुलीपुढे ठेवलेला 'उद्या'च खोटा होता. ती टीका आम्हाला मान्य आहे. पण ती कारखान्यातून बाहेर पडलेल्या बाहुलीवरची टीका आहे. पेटीतल्या बाहुलीचं पुढे बरंच काही झालेलं आहे.

काय झालंय? बार्बीचे केस कात्रीनं कापलेले, तेही एकाच बाजूनं. केनचं डोकं जवळजवळ तुळतुळीत. १९६१ च्या पहिल्या केनचे केस म्हणजे डोक्यावर चिकटवलेली बारीक लव होती, आणि पाणी लागलं की ती गळायची. मैत्रिणीनं त्याला आंघोळ घातली होती! मिजच्या एका गालावरचे ठिपके पुसट, कारण ती रोज उशीवर त्याच कुशीवर झोपायची. एका झग्याला आईनं लावलेलं बटण, मापाला चांगलंच मोठं. आणि बार्बीच्या कानाच्या भोकाभोवती हिरवट डाग. संग्राहक याला 'हिरवा कान'च म्हणतात. डुलाचा धातू गंजतो आणि हिरवा रंग व्हिनाइलमध्ये मुरतो.

इथे समीक्षकानं सावध राहायला हवं. जुनं, झिजलेलं काही दिसलं की आपला गळा दाटून येतो, आणि मग प्रत्येक डाग सुंदर वाटू लागतो. हिरवा कान हे रसायन आहे. डूल घालून नुसत्या पडून राहिलेल्या बाहुलीलाही तो होतो. कापलेले केस हे कोणाचं तरी कृत्य आहे. झीज आणि वापर यांतला फरक आपल्याला करता आला नाही, तर आपलं कौतुक म्हणजे नुसतं हळहळणं ठरेल.

रोलां बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' या १९५७ च्या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा लेख लिहिला आहे. लाकडाचं खेळणं मुलाबरोबर जगतं, नवी खेळणी लवकर मरतात आणि मेल्यावर मुलासाठी त्यांचं काही उरत नाही, असा त्यांचा रोख. या पेटीपुढे आम्हाला ते पटेना. हाताळणाऱ्याच्या खुणा प्लास्टिकही धरून ठेवतं.

आता १९६७ ची गोष्ट. त्या वर्षी कंपनीनं योजना काढली. जुनी बार्बी आणा, वर दीड डॉलर द्या आणि कंबर वळणारी, खऱ्यासारख्या पापण्यांची नवी बार्बी घेऊन जा. आपल्या बोहारणीचाच हिशेब म्हणा ना! मैत्रीण तेव्हा नऊ वर्षांची. आई दुकानापर्यंत घेऊन गेली आणि ही दारातून मागे फिरली. का, ते तिला सांगता आलं नाही. नैयायिकांच्या भाषेत आपण सांगू शकतो. योजनेला दिसत होती ती जाति, तिथे एकीच्या जागी दुसरी चालते. मुलीच्या हातात होती ती व्यक्ति. पुढे पुण्यात याच दोन शब्दांवर ती आमच्याशी तासन्‌तास वाद घालायची. त्या वादाची सुरुवात त्या दुकानाच्या दारातच झाली असावी.

पण ममत्व तिचं. आम्हाला त्या बाहुल्या सुंदर का वाटाव्यात? रसचर्चेत साधारणीकरण म्हणतात ते इथे उपयोगी पडतं. भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' राहत नाही, म्हणून तो आस्वादता येतो. ती कात्री आमची नव्हती. पण कापलेले केस पुन्हा वाढणार नाहीत, हे कळण्याचा जो क्षण आहे, तो कुणाच्या बालपणात आलेला नाही? त्या अर्धवट कापलेल्या केसांत तो आम्हाला दिसला. नव्या केसांत तो दिसला नसता.

म्हणून आम्ही सांगितलं, डूल तेवढे काढून ठेवा, नाहीतर डाग वाढेल. ओठांना आणि केसांना कोणाला हात लावू देऊ नका. ती म्हणाली, "किंमत कमी येईल." आम्ही म्हटलं, येईल.

मग तिनं बार्बीला उचललं, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लहानपणी वाटायचं, मी हिच्याएवढी कधी होणार? आता ही माझ्या नातीच्या वयाची दिसते."

त्यानंतर विक्रेत्याचा विषय तिनं काढला नाही. पेटी बंद केली आणि नव्या घरी न्यायच्या सामानात ठेवली.

आम्ही इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.