सुवर्णदुर्ग कुणी घेतला? रॉबर्ट ऑर्म वाचताना

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. दापोलीत राहायला आल्यापासून त्याच्याबद्दल एकच गोष्ट ऐकतोय: विल्यम जेम्स नावाच्या इंग्रज कमोडोरने एप्रिल १७५५ मध्ये जवळजवळ एकट्याच्या जोरावर तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मी विज्ञानशाखेचा, पण मूळ संदर्भ उघडून बघायची खोड लागलीय. इथे मूळ म्हणजे रॉबर्ट ऑर्म, ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याचा पहिला खंड १७६३ चा, म्हणजे घटनेनंतर आठच वर्षांनी आलेला.

ऑर्मचं म्हणणं असं: जेम्सचं 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचं जहाज लढलं, सोबत आलेलं पेशव्यांचं आरमार मागे रेंगाळलं, आणि किनाऱ्यावर उतरलेली मराठी फौज एकच लहान तोफ लांबून उडवत बसली. वाचताना राग येतो. आणि रागात वाचलं की नीट वाचलं जात नाही (गाईडच्या शेऱ्यांनाही हे लागू).

म्हणून पेपर वाचताना 'डिस्कशन' झाकून आधी 'रिझल्ट्स' बघतो, तसं केलं. ऑर्मची मतं बाजूला ठेवून नोंदींतल्या घटना तेवढ्या वहीत उतरवल्या. पहिल्या दिवशी पश्चिमेकडून सुमारे ८०० गोळे टाकले. तट पडला नाही. रात्री किल्ल्यातून पळून आलेल्या एकाने सांगितलं, त्या बाजूला अखंड कातळ आहे, खिंडार पडणार नाही. दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाज किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात घातलं. आग लागली, दारूकोठार उडालं. तरीही किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याचा किल्लेदार निवडक माणसं घेऊन सुवर्णदुर्गात शिरला आणि दाभोळहून कुमक येईल या आशेवर अडून बसला. शेवटी खलाशांनी कुऱ्हाडींनी दार फोडलं.

आता ही यादी बघा. बाजू बदलली ती एका माणसाच्या खबरीमुळे. दुसरं म्हणजे, कुमक पोचलीच नाही. समुद्राकडून ती का आली नाही ते कळतं, आंग्र्यांची जहाजं जेम्सने आधीच दक्षिणेला पिटाळली होती. पण जमिनीवर कोण होतं? तीच पेशव्यांची फौज, जिची ऑर्म टिंगल करतो. तिचा इथे काही उपयोग झाला का, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

जेम्सचं धाडस मला नाकारायचं नाही. जहाजं धोक्यात घालू नका, नुसती नाकेबंदी करा, असा मुंबईचा हुकूम असताना तो किल्ल्याला भिडला. पण त्या हुकमातच मूळ बेत दिसतो: किल्ला घेण्याचं काम मराठी फौजेचं होतं. आपल्याकडची 'पेशव्यांनीच आरमार बुडवलं' ही तक्रार मुळात विजयदुर्गाची, फेब्रुवारी १७५६ ची. ती इथे आणून चिकटवली की हे दोन-तीन दिवस पुन्हा न वाचलेलेच राहतात.

जेम्स १७८३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीने लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधला. नाव 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. किल्ला मात्र करारानुसार पेशव्यांकडे गेला, कंपनीला बाणकोट मिळालं.