मराठी मजकुराची डिजिटल सुगम्यता : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : दिव्यांग वाचक, सुगम्यता, स्क्रीन रीडर, युनिकोड, महाविद्यालयीन संशोधनपत्रिका

प्रस्तावना

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात झाल्याची कथा राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात सांगितली आहे. शब्दाशी इतके जुने नाते असलेल्या या भूमीत आज एखाद्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील मराठी सूचना स्वतः वाचता येते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,९७,१६० इतकी होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. मानोरा, मालेगाव किंवा रिसोड तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला प्रवेश, शिष्यवृत्ती व परीक्षा यांसाठी प्रत्येक वेळी तालुक्याला किंवा अमरावतीला जाणे कष्टाचे असते. म्हणूनच ऑनलाइन मजकूर ही त्याच्यासाठी सोय नसून गरज ठरते. ही गरज आपण कशी भागवतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. सुगम्यतेचा प्रश्न साधारणपणे निधीचा किंवा तंत्रज्ञांचा मानला जातो. मराठीपुरते पाहता तो सर्वप्रथम लेखनाचा, म्हणजेच मजकूर तयार करणाऱ्यांच्या सवयीचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

कायद्याची चौकट

या विषयात कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४२ अन्वये श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध व्हावा, यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर आहे. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमावलीतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियमाने जे बंधनकारक केले, ते नियमाने केवळ शिफारशीच्या पातळीवर आणले, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

नियम १५ मधील एक तरतूद मराठीच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. संकेतस्थळावरील दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर आधारित पीडीएफ स्वरूपात असावेत, असे त्यात म्हटले होते. इंग्रजी मजकुरासाठी ही अट बहुतांशी पुरेशी ठरते. चित्राऐवजी अक्षरे असली की यंत्राला ती वाचता येतात, हे तिच्यामागील गृहीतक होय. मराठीत हे गृहीतक टिकत नाही. मराठी पीडीएफमध्ये अक्षरे असूनही ती मराठी नसतात, असे वारंवार घडते. ते कसे, हे पाहणे आवश्यक आहे.

अक्षर आणि आकार

दृष्टिबाधित वाचक संगणकावर स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने वाचतो. २००६ पासून विकसित होत असलेले एनव्हीडीए हे विनामूल्य स्क्रीन रीडर किंवा अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक ही त्याची परिचित उदाहरणे होत. ही आज्ञावली पडद्यावरील आकार पाहत नाही. त्या आकारामागे साठवलेला संकेतांक वाचते. युनिकोडमध्ये 'व' या वर्णाचा संकेतांक जगभर एकच आहे. त्यामुळे तो उच्चारता येतो, शोधता येतो, ब्रेलमध्ये रूपांतरित करता येतो.

कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टची रचना याहून वेगळी आहे. त्यांत रोमन अक्षरांच्या किंवा अन्य चिन्हांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये 'वाशिम' हा शब्द टंकलिखित केला असता संगणकात प्रत्यक्षात साठतात ती ओ, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के आणि ई ही रोमन चिन्हे. डोळस वाचकाला पडद्यावर 'वाशिम' दिसते. स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरे उच्चारतो. फॉन्ट बदलला की हा संकेतही बदलतो. म्हणजे ज्या मजकुराला आपण मराठी म्हणतो तो संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. तो केवळ मराठीसारखा दिसणारा असतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संप्रदायाचे ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी ते सर्वांसाठी खुले झाले. महानुभावांनी कुलूप जाणीवपूर्वक लावले होते आणि किल्लीही जपून ठेवली होती. आज आपण लावलेले कुलूप अजाणतेपणी लावलेले आहे, आणि ते नेमके दिव्यांग वाचकासमोरच लागते.

ही सवय कशी रुजली, हेही समजून घेतले पाहिजे. मराठी टंकलेखक रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर तयार झाले. कृतिदेवसारख्या फॉन्टने तोच कळफलक संगणकावर आणला. मुद्रणपूर्व कामासाठी सर्वत्र वापरले जाणारे पेजमेकर युनिकोड देवनागरी हाताळू शकत नव्हते. त्या काळी दुसरा सोपा मार्ग नव्हता, हे मान्य करावे लागेल. परंतु आता रेमिंग्टन कळफलकावरूनही युनिकोडमध्ये टंकलेखन करता येते. तांत्रिक कारण संपले. सवय तेवढी उरली आहे.

महाविद्यालयीन लेखनव्यवहार

या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण अन्यत्र शोधण्याची गरज नाही. महाविद्यालयांच्या संशोधनपत्रिका व चर्चासत्रांची आवाहने पाहिली असता मराठी शोधनिबंध कृतिदेव किंवा तत्सम फॉन्टमध्ये पाठवावा, अशी अट अनेकदा आढळते. समावेशक शिक्षण, दिव्यांगांचे सक्षमीकरण अशा विषयांवरील निबंधही याच अटीनुसार स्वीकारले जातात. ज्यांच्याविषयी निबंध लिहिला, त्यांनाच तो वाचता येऊ नये, ही विसंगती गंभीर आहे. यात हानी केवळ दिव्यांग वाचकाची होत नाही. असा निबंध शोधयंत्राला सापडत नाही, त्यातील मराठी उतारा जसाच्या तसा उद्धृत करता येत नाही आणि समानता तपासणाऱ्या प्रणालीलाही तो नीट वाचता येत नाही. दृष्टिबाधित वाचकासाठी बंद असलेला मजकूर संशोधकासाठीही बहुतांशी बंदच राहतो.

दुसरी सवय छायाचित्रांची आहे. सूचना कागदावर टंकलिखित करावी, तीवर स्वाक्षरी व शिक्का घ्यावा, नंतर ती स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावी अथवा तिचे छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या गटावर पाठवावे, ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. कागदावरील स्वाक्षरी हाच अधिकृततेचा पुरावा, ही कार्यालयीन धारणा त्यामागे आहे. ती अनाठायी नाही. मात्र स्कॅन केलेल्या प्रतीसोबत मूळ मजकूर युनिकोडमध्ये देण्यास कोणताही नियम आड येत नाही. वेळापत्रकाचे छायाचित्र पाठवणाऱ्याने त्याखाली चार ओळी टंकलिखित केल्या, तरी एका विद्यार्थ्याचे परावलंबन टळते.

नॅकच्या स्व-अध्ययन अहवालाच्या गेल्या दशकातील नमुन्यात सातव्या निकषाखाली उतार, लिफ्ट व प्रसाधनगृह यांबरोबरच सुगम्य संकेतस्थळ, स्क्रीन रीडर आणि वाचनसाहित्याच्या सॉफ्ट प्रती यांचाही उल्लेख होता. उताराचे छायाचित्र पुरावा म्हणून सहज जोडता येते. सुगम्य मजकुराचे छायाचित्र काढता येत नाही; कदाचित म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष झाले असावे.

युनिकोड आवश्यक, पण पुरेसे नाही

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि संकेतस्थळावर युनिकोडमध्ये उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश यांनी मराठीतील ज्ञान यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात ठेवता येते, हे सिद्ध केले आहे. तथापि युनिकोड ही पहिली पायरी होय. युनिकोडमधील मजकुराचीही पीडीएफ काळजीपूर्वक न बनवल्यास जोडाक्षरे व वेलांट्या विस्कळीत होतात. शीर्षके केवळ ठळक केली आणि शीर्षक म्हणून नोंदवली नाहीत, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला एका विभागावरून दुसऱ्या विभागावर जाता येत नाही. पृष्ठाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल, तर हिंदी किंवा इंग्रजी आवाज ते वाचू लागतो आणि 'चहा' व 'चाक' यांतील 'च'चा भेद हरवतो. कर्णबधिर विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा आहे. २०२० मध्ये महासाथीच्या काळात अध्यापन दृक्श्राव्य माध्यमात गेले. मराठी व्याख्यानांना उपशीर्षके नसतील, तर त्या विद्यार्थ्याला केवळ हलणारे ओठ दिसतात.

असे विद्यार्थी आहेतच किती, असा आक्षेप घेतला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९,६३,३९२ दिव्यांग व्यक्ती होत्या. शिवाय ज्याला प्रवेशाची सूचनाच वाचता आली नाही, तो पटावर येत नाही. आणि पटावर नसल्यामुळे त्याची गरजही मोजली जात नाही. कमी संख्या हे दुर्लक्षाचे समर्थन नसून अनेकदा त्याचा परिणाम असते.

निष्कर्ष

१. मराठी मजकुराच्या सुगम्यतेतील पहिला अडथळा फॉन्टचा आहे. नियमांमध्ये केवळ पीडीएफचा प्रकार न सांगता भारतीय भाषांसाठी युनिकोडची अट स्पष्टपणे असावयास हवी.

२. महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांनी मराठी निबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत. जुने अंक परिवर्तकाच्या साहाय्याने रूपांतरित करावेत. रफार व अर्ध्या अक्षरांच्या चुका राहत असल्याने मुद्रितशोधन अपरिहार्य आहे. मराठी विभागांनी ते काम स्वीकारावे.

३. प्रत्येक स्कॅन केलेल्या सूचनेसोबत तिचा मजकूर द्यावा.

४. सुगम्यतेची तपासणी प्रत्यक्ष दिव्यांग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.

यांपैकी पहिली सूचना शासनासाठी आहे. उर्वरित तिन्हींसाठी नव्या इमारतीची किंवा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. या परिसरातील विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाने उभे आहे आणि अंध-अपंगांची काळजी हे त्यांच्या दशसूत्रीतील एक सूत्र आहे. त्या नावाखाली चालणाऱ्या महाविद्यालयातून प्रसिद्ध होणारे मराठी पान दृष्टिबाधित वाचकासमोर अबोल राहू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.