तक्त्यावर नसलेली दहावी ओळ

वळसंगला एका वर्गात भिंतीवर टांगलेला एक तक्ता पाहिला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१ असे करत करत, नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येच्या वर्गापाशी तो थांबतो: १२३४५६७८९८७६५४३२१. खाली ठळक अक्षरांत ‘संख्येचा चमत्कार’. अक्षर सुरेख आहे, पण माझी तक्रार आहे ती दहावी ओळ नसल्याची. (व्याख्यानांत नवव्या ओळीवर थांबून मीही टाळ्या घेतल्या आहेत.)

दहा वेळा १ लिहून वर्ग केला, तर उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा ढासळला! का ढासळला, हे पाहण्यातच खरा धडा आहे. गुणाकार उभा मांडा. एकेक घर डावीकडे सरकलेल्या दहा ओळी, प्रत्येकीत दहा वेळा १. स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा चढत जातात आणि तशाच उतरतात. नऊ ओळींपर्यंत हातचा येत नाही. इथे मात्र मधल्या स्तंभात १० होतात, हातचा डावीकडच्या ९ मध्ये मिळतो आणि तिथेही १० होतात. एकूण एक शंभर, पण उत्तरातील अंकांची बेरीज ८२. प्रत्येक हातच्यात एका घरातले दहा जातात आणि शेजारी एक येतो, म्हणजे बेरीज नऊने घटते.

तेव्हा चमत्कार आहे तो दशमान लेखनाचा. बाराच्या पायाने लिहिले, तर मनोरा अकरा ओळींपर्यंत टिकेल. या भागात कित्येक मुलांच्या घरी कन्नड बोलतात. घरचे ‘नूरु’ आणि शाळेतले ‘शंभर’ एकच, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. लेखन कसेही बदला, आपल्या संख्येचे मूळ अवयव तेच राहतात: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. तक्त्यावर त्यांना जागाच नाही.

हार्डी यांनी १९४० मध्ये अशा अंकांच्या गमतींना गणित मानायचे नाकारले होते. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मात्र आयुष्यभर त्यांचाच पाठपुरावा केला. वरील वर्ग त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांतले. मला हार्डींचे म्हणणे अर्धेच पटते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. भाग जातो का? नऊ वेळा १ लिहिलेल्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. याउलट १२३४३२१ मध्ये बेरीज १६ आणि संख्या विषम, म्हणून ती हर्षद नाही. अंकांपासून निघून आपण अवयवांपाशी पोहोचलो, आणि हे गणितच आहे.

तक्ता उतरवू नये. खाली दोन ओळींची जागा आहे, ती मुलांना भरू द्यावी. अकराव्या ओळीत हातचे चार वेळा येतात. उत्तरातील अंकांची बेरीज किती, हे गुणाकार पुरा न करताही सांगता येईल.