‘आनुषंगिक’ सल्ल्याचा प्रश्न

एखाद्या धंद्याला व्यवसायाची प्रतिष्ठा केव्हा प्राप्त होते, या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा ‘त्याची परीक्षा सुरू झाली म्हणजे’ असे उत्तर दिले जाते. आर्थिक नियोजनाच्या क्षेत्रात हे उत्तर कितपत पुरते, हे पाहावयाचे असेल तर ‘सेबी’ने २०१३ साली जारी केलेली गुंतवणूक सल्लागार नियमावली बारकाईने वाचावी.

या नियमावलीचा गाभा स्वच्छ आहे. सल्लागाराचे अशिलाशी नाते विश्वस्ताचे असावे व सुचविलेल्या गुंतवणुकीबद्दल त्याने अन्य कोणाकडूनही मोबदला घेऊ नये, असे ती सांगते. परंतु चौथ्या विनियमात नोंदणीतून सूट मिळालेल्यांची यादी येते, आणि म्युच्युअल फंडाच्या वितरकाने मुख्य कामाला ‘आनुषंगिक’ म्हणून दिलेला सल्ला तेथे सूटपात्र ठरतो. आमच्या मते साऱ्या नियमावलीचे बळ या एका विशेषणाने हरण केले आहे. निवृत्तीला आलेला शिक्षक आपली पुंजी घेऊन वितरकापुढे बसतो, तो काय घ्यावे हे विचारण्यासाठीच. त्याच्या दृष्टीने सल्ला हेच मुख्य काम. अर्जावरील सही ही आनुषंगिक. नियमावलीने हा क्रम उलटा लावला. शिवाय १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेशभार बंद झाला असला तरी वितरकाचे कमिशन योजनेच्या खर्चातून चालूच राहते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सल्ला फुकट वाटतो. आणि फुकटाशी स्पर्धा करणे शुल्क मागणाऱ्याला जड जाते.

अशा स्थितीत २०२० च्या दुरुस्तीने काय केले? वैयक्तिक सल्लागाराला पदव्युत्तर पात्रता, पाच वर्षांचा अनुभव आणि पाच लाखांची निव्वळ मालमत्ता आवश्यक ठरविली. वितरकाने स्वतःस ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ म्हणवू नये, हा त्याच वेळचा निर्बंध रास्तच होता. पण पाटी बदलली तरी संभाषण तेच राहिले. वितरकाच्या परीक्षेत पन्नास टक्के गुण पुरतात, सल्लागाराच्या परीक्षेत साठ लागतात; दहा गुणांचे हे अंतर सोडले तर बाकी सारा भार एकाच बाजूला पडला. परिणामी नोंदणीकृत सल्लागारांची संख्या हजाराच्या आसपासच रेंगाळली. वितरक लाखाच्या पुढे गेले.

डिसेंबर २०२४ मध्ये पदवी पुरेशी ठरली, अनुभवाची अट गेली, मालमत्तेच्या जागी अनामत आली. मंडळाने चूक झाल्याचे ओळखले, हे खरे. ती कोठे झाली हे ओळखले असे मात्र दिसत नाही. पदवी ज्ञानाची साक्ष देते, निष्ठेची नव्हे. आणि निष्ठेची कसोटी लावणारी तरतूद तर सूट देऊन आधीच पातळ करण्यात आली होती.

ब्रिटनने २०१२ च्या अखेरीपासून निराळा मार्ग धरला. व्यक्तींना गुंतवणुकीची शिफारस करणाऱ्यांसाठी पात्रता वाढविली आणि त्याच वेळी अशा नव्या शिफारशींवरील कमिशन बंद केले. त्यामुळे लहान बचतदार सल्ल्यावाचून राहिला, अशी तक्रार तेथे झाली, व ती निराधार नव्हती. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी पोहोचतो तो वितरकच, शुल्क घेणारा सल्लागार नव्हे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मात्र त्याचे उत्तर विमा-एजंटाच्या जुन्या परंपरेत शोधू नये. तेथे विक्रेता बहुधा नात्यातलाच असतो, आणि त्याला नकार देणे हाच खरा कठीण व्यवहार!

या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या पदवीधरापुढे आज दोन दारे आहेत. एका दारी पन्नास गुण आणि पहिल्या विक्रीपासून कमिशन. दुसऱ्या दारी साठ गुण, अनामत आणि शुल्क देण्यास नाखूश असलेला अशील. चौथा विनियम आहे तसा असेपर्यंत त्याने कोणते दार ठोठवावे असे त्याच्या अध्यापकांनी सांगावे?