‘मंजुघोषा’ वाचताना

अमर अय्यारच्या गोष्टी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही अद्भुतरम्य कादंबरी मोठ्या हौसेने हाती घेतली. पदरी निराशा आली.

तक्रार चमत्कारांविषयी नाही. दास्तानीत चमत्कार कमी का असतात? पण तिथला अमर अय्यार कंजूस आहे, खोडकर आहे. त्याच्या झंबीलीत सारी दुनिया मावते, तरी तो ओळखीचा वाटतो. ‘मंजुघोषा’त सद्गुणांचे पुतळे भेटतात, माणूस भेटत नाही.

कारण लेखकानेच प्रस्तावनेत दिले आहे. आपल्या विवाहाच्या रीतीमुळे व इतर कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात कादंबरीजोगे काही सापडत नाही, असा त्यांचा सूर आहे. हे आम्हाला पटत नाही. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, ते याच विवाहरीतीत होरपळणाऱ्या विधवांवर. विषय होता, नजर हवी होती.

खडकवासल्यात आमचे उर्दू माध्यमाचे विद्यार्थीही निबंधाच्या तासाला हेच सांगतात, “सर, आमच्या घरी लिहिण्यासारखं काही घडतच नाही.” अशा वेळी आम्ही त्यांना धरणाकडे पाहायला सांगतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ हे धरणही फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. “घरी जाऊन दादीअम्मांना विचारा,” एवढेच आम्ही म्हणतो.

मुस्लिम घरातली मराठी कादंबरीही तिथूनच सुरू होईल.