ग्राहकाचा अभिप्राय आणि अभिरुचीचा प्रश्न : जॉलिबी ते वडापाव

प्रस्तावना :

साहित्यकृतीवर मत देण्यासाठी आपल्याकडे समीक्षा नावाची एक स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. नाटक, चित्रपट, संगीत यांनाही आपापले समीक्षक लाभले आहेत. मात्र आज सर्वाधिक प्रमाणात लिहिली जाणारी समीक्षा कोणती, असा प्रश्न केल्यास त्याचे उत्तर कोणत्याही वाङ्मयीन नियतकालिकात सापडणार नाही. ही समीक्षा उपाहारगृहाचा ग्राहक लिहितो. दोन-चार ओळींचा मजकूर आणि पाचपैकी काही तारे एवढेच तिचे स्वरूप असते. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थी पुण्याला किंवा सोलापूरला गेला की कोठे जेवावे हे याच मजकुरावरून ठरवतो. तरीही अभ्यासकांनी या लेखनाकडे गांभीर्याने पाहिले आहे, असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखात फिलिपाइन्समधील ‘जॉलिबी’ या झटपट खाद्यगृहाविषयी ग्राहक सर्वसाधारणपणे जी मते व्यक्त करतात, त्यांचे समीक्षात्मक वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. हे सर्वेक्षण नव्हे. ग्राहकांची टक्केवारी काढणे हा येथे हेतू नाही. चवीविषयीचे विधान नेमके कशाविषयीचे असते, हा लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचा पडताळा पाहण्यासाठी मराठी माणसाच्या वडापावाचे उदाहरण घेतले आहे.

‘अभिप्राय’ या शब्दाचा विचार :

मराठीत अभिप्राय म्हणजे मत. संस्कृतात मात्र या शब्दाचा प्रधान अर्थ हेतू, आशय किंवा मनातील उद्देश असा आहे. ग्राहकाच्या मताचे वाचन करताना हे दोन्ही अर्थ एकत्र ठेवणे उपयुक्त ठरते. ग्राहक पदार्थाविषयी मत देतो तेव्हा तो स्वतःच्या मनातील काहीतरी उघड करीत असतो. ‘चिकन कुरकुरीत होते’ हे विधान पदार्थाविषयीचे आहे. ‘घरची आठवण झाली’ हे विधान मात्र खाणाऱ्याविषयीचे आहे. दोन्ही विधाने एकाच अभिप्रायात शेजारी शेजारी येतात आणि दोहोंची मिळून ताऱ्यांची एकच संख्या होते. समीक्षेच्या दृष्टीने अडचण येथूनच सुरू होते.

जॉलिबीची पार्श्वभूमी :

टोनी टान काक्तिओंग यांनी १९७५ मध्ये मनिला महानगरातील क्वेझॉन सिटीच्या कुबाओ भागात एक आइस्क्रीमचे दुकान सुरू केले. ग्राहक गरम पदार्थांची मागणी करू लागले तेव्हा बर्गरसारखे पदार्थ ठेवले गेले आणि १९७८ मध्ये जॉलिबी या नावाने कंपनी उभी राहिली. १९८१ मध्ये मॅकडोनाल्ड्स फिलिपाइन्समध्ये आले. परदेशी भांडवलापुढे स्थानिक दुकान टिकणार नाही अशी अपेक्षा असताना घडले ते उलटेच. जॉलिबीने आपला बर्गर स्थानिक जिभेला रुचेल असा गोडसर व मसालेदार ठेवला, तळलेल्या कोंबडीबरोबर भात आणि रस्सा दिला आणि स्पॅगेटीही गोड केली. देशांतर्गत बाजारपेठेत या कंपनीने अमेरिकन प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले. १९९८ मध्ये तिने अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेली सिटी येथे आणि २०१८ मध्ये लंडनमधील अर्ल्स कोर्ट येथे शाखा उघडली. परदेशातील नव्या शाखेपुढे स्थलांतरित फिलिपिनी लोकांच्या लांबच लांब रांगा लागणे ही आता नेहमीची बाब झाली आहे.

आपल्याकडे क्रम वेगळा होता. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आले ते गोमांस वगळून, आणि पुढे बटाट्याची टिक्की पावात घालून. फिलिपाइन्समध्ये स्थानिकाने परक्याचे रूप घेतले, तर भारतात परक्याने स्थानिकाचे रूप घेतले. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती ग्राहकाची जीभ.

एक पदार्थ, दोन वाचक :

जॉलिबीविषयीच्या मतांमध्ये सर्वाधिक मतभेद गोड स्पॅगेटीबाबत आढळतो. फिलिपिनी नसलेला ग्राहक कोंबडीची मनापासून स्तुती करतो, आंबा आणि पीच यांच्या पायलाही दाद देतो. परंतु स्पॅगेटीपाशी तो अडखळतो. इटालियन पदार्थात साखर आणि सॉसेजचे तुकडे का, हे त्याला उमगत नाही. फिलिपिनी ग्राहक याच पदार्थावर सर्वाधिक प्रेम करतो, कारण त्याच्या लेखी तो इटालियन पदार्थच नव्हे. तो वाढदिवसाचा पदार्थ आहे.

या गोडीमागे इतिहास आहे. १८९८ पासून जवळजवळ अर्धशतक फिलिपाइन्सवर अमेरिकेची सत्ता होती. त्या काळात स्पॅगेटी, सॉसेज, डबाबंद अन्न आणि टोमॅटो केचप यांचा तेथे प्रसार झाला. टोमॅटो महाग आणि केळी मुबलक, अशा परिस्थितीत केळ्यापासून केचप करण्याची युक्ती पुढे आली. तिचे श्रेय मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ स्त्रीला दिले जाते. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. परक्या ग्राहकाला जी चूक वाटते, ती वस्तुतः वसाहतीतील टंचाईवर एका समाजाने काढलेला तोडगा आहे. ही संहिता ज्याला वाचता येत नाही, तो तिच्या व्याकरणालाच दोष देतो.

येथे वाचक या संकल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परका ग्राहक पदार्थाची तुलना इटालियन मूळाशी करतो, तर फिलिपिनी ग्राहक ती आपल्या बालपणाशी करतो. दोघांपुढील ताटली एकच असली तरी दोघांची संदर्भचौकट भिन्न आहे.

वडापावाचा पडताळा :

हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. वडापावातील पाव आणि बटाटा हे दोन्ही पोर्तुगिजांच्या मार्गाने आपल्याकडे आले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकण्यास सुरुवात केली असे सामान्यतः मानले जाते. गिरणी कामगार आणि लोकलने प्रवास करणारा नोकरदार हा त्याचा ग्राहक होता. उभ्याने, घाईत, कमी पैशांत पोट भरावे ही त्या ग्राहकाची गरज होती. म्हणजे वडापावही वसाहत आणि टंचाई यांच्याच संयोगातून जन्मला. त्याला आपण आज निःसंकोचपणे ‘अस्सल मराठी’ म्हणतो. फिलिपिनी माणूस गोड स्पॅगेटीला आपली म्हणतो, तेही याच न्यायाने.

परदेशातील उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईत एकत्र शिकलेले सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी मंदीच्या काळात, २०१० मध्ये, लंडनच्या हाउन्स्लो भागात ‘श्रीकृष्ण वडापाव’ हे दुकान सुरू केले. तेथे वडापाव खाणारा मराठी ग्राहक बटाटेवड्याबरोबरच दादरचे स्थानक आणि पावसाळ्यातील संध्याकाळही विकत घेत असतो. अर्ल्स कोर्टच्या जॉलिबीत भात आणि कोंबडी खाणारी फिलिपिनी परिचारिका आणि हाउन्स्लोचा हा ग्राहक यांनी परस्परांच्या पदार्थांवर मत दिले, तर ते बहुधा कोरडे असेल. आपापल्या पदार्थांवर दिले, तर ते समीक्षेपेक्षा पत्रलेखनाच्या अधिक जवळ जाईल.

रुचीविचार आणि ग्राहक :

समीक्षेच्या परिभाषेने आपले मूळ शब्द स्वयंपाकघरातूनच घेतले आहेत. रस, आस्वाद, रुची, अभिरुची हे शब्द त्याचे साक्षीदार होत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचाच दृष्टान्त दिला. असे अन्न खाऊन आनंद पावणाऱ्यासाठी त्याने ‘सुमनस्’ हा शब्द योजला. प्रसन्न, सावध मन ही आस्वादाची पूर्वअट आहे, असा याचा अर्थ होतो.

पाश्चात्त्य विचारात ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक कथा वापरली आहे. मद्याची चव घेऊन एकाने त्यात चामड्याचा वास आहे असे सांगितले, तर दुसऱ्याने लोखंडाचा. लोक हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. सूक्ष्म रुचीला वस्तुनिष्ठ आधार असतो, हे ह्यूमला सांगायचे होते. कांटने मात्र १७९० मध्ये वेगळी दिशा घेतली. कॅनरी बेटांवरील मद्य सुखद आहे, असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडला पाहिजे, असे तो म्हणतो. जिभेच्या सुखाविषयी दुसऱ्याच्या संमतीची मागणी करता येत नाही.

जॉलिबीच्या संदर्भात हे दोन्ही विचार अपुरे पडतात. स्पॅगेटीतील गोडी पिंपातील किल्लीप्रमाणे खरोखरच आहे. परक्या ग्राहकाने तिला ओळखले, यात त्याची जीभ चुकली नाही. परंतु किल्ली पिंपात चुकून पडली होती, साखर मात्र जाणीवपूर्वक घातलेली आहे. तिला दोष ठरवताना त्याचा निर्णय चुकतो. दुसऱ्या बाजूने, ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून कांटच्या आधाराने विषय संपवावा, तर ‘मला’ या शब्दात दडलेला समाज नजरेआड होतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे रुची ही वर्गाने घडवलेली असते आणि ती वर्गभेद टिकवण्याचेही काम करते.

अभिप्रायात न येणारे :

आपल्या पदार्थावर प्रेम करणाऱ्या ग्राहकालाही समीक्षेने सूट देऊ नये. स्मृतीने भारावलेला ग्राहक थंड अन्न आणि लहान होत गेलेला घास क्षमा करून टाकतो. कंपनीला हे भांडवल ठाऊक असते. जॉलिबी आता लहान स्थानिक दुकान राहिलेले नाही. २०१९ मध्ये तिने ‘द कॉफी बीन अँड टी लीफ’ ही अमेरिकन साखळी विकत घेतली. त्याआधी २०१८ मध्ये फिलिपाइन्सच्या श्रम खात्याने जॉलिबी व तिच्या कंत्राटदारांकडील सहा हजारांहून अधिक कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला होता. ग्राहकांची मते वाचताना ‘कर्मचारी हसतमुख होते’ किंवा ‘सेवा मंद होती’ अशी वाक्ये वारंवार भेटतात. तो कर्मचारी कायम आहे की कंत्राटी, हा प्रश्न सहसा भेटत नाही. ग्राहकाच्या समीक्षेत स्वयंपाक करणारा हात जवळजवळ अदृश्य असतो.

दुसरी अदृश्यता अधिक जवळची आहे. धाराशिव जिल्ह्याचे लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधील ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. पाककृतींच्या पुस्तकांत ज्या अन्नाला जागाच नव्हती, ते त्यांनी सविस्तर मांडले. ग्रंथाचे शीर्षकच ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ या वचनाला दिलेले उत्तर आहे. ज्या अन्नाला उपाहारगृह नाही, त्याला ग्राहक नाही. ज्याला ग्राहक नाही, त्याला तारेही नाहीत. म्हणून त्या अन्नाला चव नव्हती असे कोण म्हणेल?

मान्यता बाहेरून येण्याची आपली सवयही येथे नोंदवली पाहिजे. २०१५ मध्ये दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनमध्ये जगातील सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती बातमी झाली. मिसळ त्यापूर्वीही तीच होती. आमच्या भागातील विद्यार्थ्याला घरच्या जेवणावर लिहावयास सांगितले, तर ‘त्यात विशेष काय?’ असा प्रश्न तो करील. ज्वारीची भाकरी, धपाटे, येसराची आमटी, सुशीला यांविषयी त्याच्याजवळ जीभ आहे, भाषा मात्र नाही. तोच विद्यार्थी शहरातील पिझ्झावर चार ओळी सहज लिहितो, कारण त्यासाठी लागणारी तयार वाक्ये बाजाराने त्याच्या हाती दिली आहेत. भाषेच्या अध्यापकांना चिंता वाटावी अशी ही गोष्ट आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ग्राहकाचा अभिप्राय हा पदार्थाइतकाच खाणाऱ्याच्या स्मृतीचा, वर्गाचा आणि स्थलांतराचा दस्तऐवज असतो. ताऱ्यांच्या संख्येत हे सर्व स्तर पुसले जातात.

२. परक्या ग्राहकाची जीभ अचूक असूनही त्याचा निर्णय चुकू शकतो, आणि घरच्या ग्राहकाला अर्थ नेमका कळूनही त्याची परीक्षा सैल पडू शकते. दोन्ही प्रकारच्या मतांची परस्परांनी दुरुस्ती होणे आवश्यक आहे.

३. ‘अस्सल’ हा निकष पदार्थाच्या उगमावर उभा राहत नाही. वडापाव आणि गोड स्पॅगेटी हे दोन्ही पदार्थ त्या त्या समाजाने स्वीकारल्यामुळे अस्सल ठरले आहेत.

४. श्रम करणाऱ्याचा आणि उपेक्षितांच्या अन्नाचा उल्लेख टाळणारी खाद्यसमीक्षा अपुरी होय.

समारोप :

पदवी वर्गात समीक्षा शिकवताना रसविचारापासून प्रारंभ करण्याची आपली प्रथा आहे. विद्यार्थ्याने काल रात्री जे खाल्ले त्यावर एक परिच्छेद लिहावा, आणि प्रत्येक विधानापुढे ते पदार्थाविषयी आहे की स्वतःविषयी याची खूण करावी, असा स्वाध्याय त्याआधी देता येईल. गोड स्पॅगेटीला हसण्यापूर्वी ती कोणाच्या वाढदिवसाची आहे हे विचारणारा, आणि आपल्या भाकरीविषयी न लाजता नेमके लिहिणारा विद्यार्थी त्यातून घडला, तर भरताला अभिप्रेत असलेला ‘सुमनस्’ आस्वादक आपल्या वर्गात बसला आहे असे म्हणता येईल.